कारखान्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शासकीय निधीची पात्रता

एखाद्या कारखानदाराने आपल्या कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करण्याचे ठरविले आणि त्यासाठी शासनाकडे अर्थसाहाय्य मागितले, तर ते त्यास मिळावे किंवा नाही हे कशावरून ठरते? सर्वसाधारण समजूत अशी की, यंत्र जितके नवे व जितके बुद्धिमान, तितका अर्जदाराचा हक्क बळकट. नियमांची प्रत्यक्ष रचना मात्र निराळी आहे. अर्ज तपासणारा अधिकारी यंत्राकडे सर्वांत शेवटी पाहतो. तत्पूर्वी तो तीन गोष्टी विचारतो : अर्जदार कोण आहे, त्याने काम केव्हा सुरू केले आणि त्या कामाचे फलित आधीच ठाऊक होते की नव्हते. या तीन प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी युरोपीय संघाचे उदाहरण सोयीचे पडते. तेथील मर्यादा टक्क्यांत लिहून ठेवलेल्या आहेत आणि त्या सर्व सदस्य राष्ट्रांना सारख्याच लागू होतात.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक कारखाना डोळ्यांसमोर आणू. उत्तर इटलीतील ब्रेशियाचा परिसर धातुकामासाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथे चाळीस कामगारांचा एक ओतकारखाना असून त्यात वाहनांचे ॲल्युमिनियमचे सुटे भाग तयार होतात. ओतलेल्या नगांपैकी काहींच्या पोटात हवेच्या पोकळ्या राहून जातात. आपल्याकडील कारागीर ज्यास ‘ब्लोहोल’ म्हणतात तो हाच दोष. बाहेरून नग निर्दोष दिसतो. लेथवर कातल्यानंतर दोष उघडा पडतो आणि तोपर्यंत खर्ची पडलेली मजुरी, वीज व वेळ भंगारात जातात.

या मालकापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, बाजारात तयार मिळणारा कॅमेरा व त्याबरोबरची संगणकप्रणाली विकत घ्यावी, प्रत्येक नगाची छायाचित्रे तिला दाखवावीत आणि पृष्ठभागावरील तडे व खड्डे असलेले नग बाजूला काढावेत. दुसरा मार्ग अधिक धाडसाचा आहे. वितळलेल्या धातूचे तापमान, साच्यातील दाब आणि साचा थंड होण्याचा वेग यांच्या नोंदी घेऊन नग साच्यातून बाहेर येण्यापूर्वीच त्याच्या पोटात पोकळी राहील किंवा नाही याचे अनुमान यंत्राकडून करवून घ्यावयाचे. छोट्या कारखान्याजवळ नोंदी थोड्या असतात. तेवढ्यावरून असे अनुमान विश्वसनीय ठरेल काय, हे कोणीच खात्रीपूर्वक सांगू शकत नाही. दोन्ही मार्गांना ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हेच नाव आहे. निधीच्या नियमांनी मात्र या दोहोंमध्ये भिंत उभी केली आहे.

ही भिंत कशासाठी, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १९५७ च्या रोमच्या तहाने युरोपात सामाईक बाजारपेठेचा पाया घातला गेला. एका देशाने आपल्या कारखान्यांना पैसा पुरवावा आणि शेजारच्या देशातील कारखाने त्यामुळे बुडावेत, असे झाले तर सामाईक बाजारपेठेस अर्थ उरत नाही. म्हणून स्पर्धेस बाधा आणणारे राज्य साहाय्य त्या तहाने सामान्यतः निषिद्ध ठरविले; आजच्या तहात ही तरतूद १०७ व्या अनुच्छेदात आहे. अर्थात तेथे साहाय्य हा अपवाद आहे, नियम नव्हे. ज्या अपवादांस युरोपीय आयोगाची पूर्वसंमती लागत नाही त्यांची यादी जून २०१४ मधील एका विनियमात दिलेली असून २०१७, २०२१ व २०२३ या वर्षी तीत सुधारणा झाल्या. संशोधन व विकास हा त्या यादीतील महत्त्वाचा अपवाद. संशोधनाचे फलित अनिश्चित असते, त्याचा लाभ अनेकदा प्रतिस्पर्ध्यांनाही होतो, आणि म्हणून केवळ बाजाराच्या भरवशावर ते पुरेसे होत नाही, असा त्यामागील विचार आहे.

संशोधन कशास म्हणावे? या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर देण्याचा प्रयत्न १९६३ मध्ये रोमजवळील फ्रास्काती या गावी भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून झाला आणि त्यातून निघालेली नियमपुस्तिका त्या गावाच्याच नावाने ओळखली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत. काम नवीन असावे, त्यात कल्पकता असावी, त्याच्या फलिताविषयी अनिश्चितता असावी, ते पद्धतशीर असावे आणि त्याचे निष्कर्ष दुसऱ्यास हस्तांतरित करता यावेत किंवा पुन्हा काढून दाखविता यावेत. ही पुस्तिका मुळात आकडेवारी गोळा करणाऱ्यांसाठी लिहिली गेली होती. पुढे मात्र अनेक देशांच्या अनुदान व करविषयक नियमांनी तिचाच आधार घेतला. पाचही कसोट्यांत कारखान्यांच्या अर्जांना सर्वाधिक अडविणारी कसोटी अनिश्चिततेची होय. तयार प्रणाली नव्या जागी बसविणे हे कष्टाचे व खर्चाचे काम असू शकते. परंतु कष्ट म्हणजे अनिश्चितता नव्हे. कॅमेरा बसविताना प्रकाशयोजना चुकली, चार महिने वाया गेले, तरी ते संशोधन ठरत नाही. प्रकाश कसा असावा हे विक्रेत्याला आधीच ठाऊक होते.

उलट दुसऱ्या मार्गातील काम या कसोटीस उतरते. विनियमात अशा कामाचे टप्पे पाडलेले आहेत. मूलभूत संशोधनाच्या पात्र खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत साहाय्य देता येते, औद्योगिक संशोधनास ५० टक्क्यांपर्यंत आणि प्रायोगिक विकासास २५ टक्क्यांपर्यंत. काम बाजाराच्या जितके जवळ, तितका शासनाचा वाटा कमी. मध्यम उद्योगास दहा व लहान उद्योगास वीस टक्क्यांची भर मिळते. विद्यापीठासारखी संशोधनसंस्था खर्चाचा किमान दहा टक्के भार उचलून आपले निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क राखत असेल, तर आणखी पंधरा टक्के. मात्र औद्योगिक संशोधन व प्रायोगिक विकास यांच्या बाबतीत एकूण प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

आपल्या ओतकारखान्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, त्याच्या वाट्याचा पात्र खर्च ४ लाख यूरो असून त्यांपैकी अडीच लाख औद्योगिक संशोधनाचे व दीड लाख प्रायोगिक विकासाचे आहेत. मालकाने एकट्याने काम केले तर त्यास ७० व ४५ टक्के, म्हणजे अनुक्रमे १,७५,००० आणि ६७,५०० यूरो, मिळून जास्तीत जास्त २,४२,५०० यूरो मिळू शकतील. विद्यापीठास बरोबर घेतले तर हेच प्रमाण ८० व ६० टक्के होऊन मर्यादा २,९०,००० यूरोंवर जाते. ४७,५०० यूरोंचा हा फरक म्हणजे ज्ञान सार्वजनिक करण्याबद्दल दिलेली किंमत होय. ज्याला आपली ओतकामाची युक्ती कोणास कळू द्यावयाची नाही, त्याने ती किंमत सोडावी, असे नियम अप्रत्यक्षपणे सांगतात. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत हेही लक्षात ठेवले पाहिजे. कोणतेही राष्ट्र याहून कमी देण्यास मोकळे आहे.

पात्र खर्चात वेतनाचा भाग मोठा असतो. यंत्रसामग्रीचा खर्च मात्र प्रकल्पात ती जेवढा काळ वापरली गेली तेवढाच धरतात. सहा वर्षे चालणारे ६०,००० यूरोंचे क्ष-किरण तपासणीयंत्र तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी आणले, तर ३०,००० यूरोच हिशेबात येतात. अर्जदाराची पहिली निराशा बहुधा येथेच होते.

दुसरी निराशा अधिक कठोर आहे आणि ती तारखेची आहे. काम सुरू होण्यापूर्वी लेखी अर्ज दाखल झालेला असला पाहिजे, अशी अट त्याच विनियमाच्या सहाव्या अनुच्छेदात आहे. काम सुरू होणे म्हणजे यंत्र कारखान्यात येणे नव्हे. यंत्रसामग्रीची बंधनकारक मागणी नोंदविली की काम सुरू झाले असे मानतात. परवाने मिळविणे किंवा शक्याशक्यतेचा अभ्यास करणे यांस हरकत नाही. परंतु मागणीपत्रावर सही करून दुसऱ्या दिवशी अर्ज पाठविणाऱ्याचा प्रकल्प, तो कितीही उत्तम असो, समूळ अपात्र ठरतो. वरवर पाहता ही केवळ कागदी क्रूरता वाटेल. तिच्या मुळाशी असलेला युक्तिवाद मात्र सरळ आहे. ज्याने मदतीची वाट न पाहता काम सुरू केले त्याला मदतीची गरज नव्हती, हे त्याने स्वतःच सिद्ध केलेले असते. मग सार्वजनिक पैसा त्याला का द्यावा? मोठ्या कंपन्यांजवळ हे सांभाळणारे वकील असतात. चाळीस कामगारांच्या कारखान्यात मालक सवलतीची मुदत संपते म्हणून घाईने सही करतो, आणि नियमाचा फटका बसतो तो बहुधा त्याच्यासारख्यालाच.

आता ‘अर्जदार कोण’ या प्रश्नाकडे वळू. युरोपीय आयोगाच्या २००३ च्या शिफारशीनुसार २५० हून कमी माणसे कामास असणारा आणि वार्षिक उलाढाल ५ कोटी यूरोंपर्यंत किंवा ताळेबंदाची एकूण रक्कम ४ कोटी ३० लाख यूरोंपर्यंत असणारा उद्योग लघु व मध्यम गटात येतो. पन्नासहून कमी माणसे आणि १ कोटी यूरोंपर्यंतची उलाढाल किंवा ताळेबंद असल्यास तो लहान. परंतु माणसे मोजताना कारखान्याच्या फाटकाच्या आत थांबून चालत नाही. दुसऱ्या कंपनीचा २५ टक्के किंवा अधिक वाटा असेल तर तिच्या माणसांचा तितका हिस्सा अर्जदाराच्या खाती धरतात, आणि वाटा निम्म्याहून अधिक असेल तर तिची सगळीच माणसे. आपल्या ओतकारखान्यात दोन हजार कामगारांच्या एखाद्या वाहन-कंपनीने ३० टक्के भांडवल घातलेले असल्यास ४० मध्ये ६०० मिळविले जातात, आणि चाळीस जणांचा हा कारखाना कागदावर ६४० जणांचा, म्हणजे मोठा उद्योग होतो. त्याची वीस टक्क्यांची भर जाते; एकट्याने केलेल्या त्याच प्रकल्पास २,४२,५०० ऐवजी फार तर १,६२,५०० यूरो मिळतात. भागीदार स्वीकारताना ८०,००० यूरोंचा हा फरक किती मालकांच्या ध्यानी येत असेल?

आर्थिक संकटात सापडलेल्या उद्योगालाही हे दार बंद आहे. साठलेल्या तोट्याने मर्यादित कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल गिळले असेल, किंवा दिवाळखोरीची कारवाई चालू असेल, तर अर्ज विचारात घेतला जात नाही. तीन वर्षांहून कमी वयाच्या लहान व मध्यम उद्योगांना भांडवलाच्या या कसोटीतून सूट आहे. नव्या उद्योगाला आरंभी तोटा व्हावयाचाच. तसेच, पूर्वी बेकायदा ठरलेले साहाय्य परत करण्याचा आदेश ज्याने पाळलेला नाही, त्याला नवे साहाय्य मिळत नाही. बव्हेरियातील डेगेनडॉर्फ या गावच्या एका प्रकरणावरून या तत्त्वास त्या गावाचे नाव पडले आहे. फ्रास्काती काय किंवा डेगेनडॉर्फ काय, नियमांच्या जगात लहान गावांना अशी अनपेक्षित कीर्ती मिळते.

मग पहिल्या मार्गाने जाणाऱ्याने, म्हणजे केवळ तयार प्रणाली विकत घेणाऱ्याने, काय करावे? त्याच्यासाठी निराळ्या वाटा आहेत आणि त्या त्याने संशोधनाचा वेश घेऊन शोधण्याचे कारण नाही. उत्पादनपद्धतीतील नवपरिवर्तनासाठी लघु व मध्यम उद्योगांना ५० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद त्याच विनियमाच्या २९ व्या अनुच्छेदात आहे; पण तेथेही किरकोळ बदल, जुन्यासारख्याच यंत्रांनी केलेली क्षमतावाढ आणि जुन्या यंत्राच्या जागी नवे यंत्र बसविणे ही कामे वगळलेली आहेत. दुसरी वाट अल्प साहाय्याची. एका राष्ट्राकडून एका उद्योगास तीन वर्षांत मिळून ३ लाख यूरोंपर्यंत दिलेली रक्कम स्पर्धेस बाधक मानली जात नाही. जानेवारी २०२४ पूर्वी ही मर्यादा २ लाख यूरो होती.

इटलीने यापेक्षा वेगळा उपाय केला. २०१७ च्या अर्थसंकल्पी कायद्यास जोडलेल्या परिशिष्टांत पात्र यंत्रे व संगणकप्रणाली यांच्या याद्या देण्यात आल्या. यादीतील यंत्र १०० यूरोंचे असल्यास घसाऱ्यासाठी त्याची किंमत २५० यूरो धरावी, अशी ती सवलत होती. उद्योगकराचा दर २४ टक्के असल्याने वाढीव १५० यूरोंवर घसाऱ्याच्या काळात एकूण ३६ यूरोंचा कर वाचत असे. हे अनुदान नव्हे. सर्वच उद्योगांना खुली असलेली ही करसवलत होती, आणि म्हणून येथे नवेपणाचा किंवा अनिश्चिततेचा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रश्न विचारला गेला तो जोडणीचा. यंत्र कारखान्याच्या माहितीव्यवस्थेशी जोडलेले असावे, त्यास सूचना मिळाव्यात व त्याने नोंदी परत पाठवाव्यात. कोपऱ्यात एकटाच उभा राहून नग नाकारणारा कॅमेरा, तो कितीही चतुर असला तरी, या अटीत बसत नसे. २०२० पासून या सवलतीची जागा कर-जमेच्या पद्धतीने घेतली. अशा सवलतीचा एक दोष सांगितलाच पाहिजे. ज्याला नफा आहे त्यालाच घसाऱ्याची सवलत त्वरित फळते. तोट्यातील ओतकारखान्याला वाढीव घसाऱ्याचा तत्काळ उपयोग काय?

येथवर यंत्राच्या बुद्धीचा विचार आला नाही. तो आता थोडक्यात करता येईल. अर्जात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द असले म्हणजे यंत्र त्या व्याख्येत बसते असे नाही. २०२४ च्या युरोपीय कायद्याने आपल्यास मिळालेल्या माहितीवरून अनुमान काढण्याची शक्ती हे अशा प्रणालीचे मुख्य लक्षण मानले आहे, आणि केवळ माणसाने घालून दिलेल्या नियमांनुसार आपोआप चालणारी साधने त्यातून वगळली आहेत. तापमान ७०० अंशांच्या वर गेले की घंटा वाजविणारी व्यवस्था उपयुक्त असेल, पण ती या अर्थाने बुद्धिमान नव्हे. त्याच कायद्याने काही उपयोग साफ निषिद्धही केले आहेत. वैद्यकीय किंवा सुरक्षिततेचे कारण नसताना कामाच्या ठिकाणी माणसांच्या भावना ओळखणारी प्रणाली वापरण्यास फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. नग तपासणारा कॅमेरा कामगाराच्या चेहऱ्याकडे वळविला आणि त्यावरील कंटाळा मोजू लागला, तर निधीचा प्रश्न बाजूला राहून कायदेभंगाचा प्रश्न उभा राहतो.

निधी मंजूर झाल्यानंतर काय होते, याविषयीही गैरसमज आहेत. ओतकारखान्याचा प्रयोग फसला, अनुमाने चुकीची ठरली, तर पैसे परत करावे लागतील अशी भीती मालकास वाटते. वस्तुतः प्रामाणिकपणे केलेल्या संशोधनातील अपयश हा अशा अनुदानाचा भंग ठरत नाही. अनिश्चितता हीच तर पात्रतेची अट होती. वसुली होते ती बहुधा निराळ्या कारणांनी. कोणत्या माणसाने प्रकल्पावर किती तास काम केले याची नोंद नसणे, एकच खर्च दोन योजनांत दाखविणे, मालकीचा तपशील दडविणे ही त्यांतील प्रमुख कारणे होत.

भारतीय वाचकास येथे आपल्या देशातील स्थितीशी तुलना करावीशी वाटेल. भारतात उद्योगाचा आकार कामगारांच्या संख्येवरून ठरत नाही. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि उलाढाल या दोहोंवरून ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १०० कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योग लघु मानला जातो. कोल्हापूरच्या ओतकारखान्यात चाळीस माणसे आहेत की चारशे, हे येथे कोणी विचारणार नाही. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या भारत सरकारच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी १०,३७१ कोटी ९२ लाख रुपयांची तरतूद असून संगणनशक्ती, माहितीसंच, कौशल्यशिक्षण, नवउद्योगांना अर्थपुरवठा इत्यादी अंगे तीत समाविष्ट आहेत. ती मोहीम केवळ कारखान्यांसाठी नाही. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेली एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवपरिवर्तन योजना खासगी उद्योगांच्या अधिक जवळची आहे. तंत्रज्ञानाची परिपक्वता मोजण्याची नऊ पायऱ्यांची एक शिडी आहे. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेत १९७० च्या दशकात तिचा उगम झाला. तिच्या चौथ्या व त्यावरील पायऱ्यांवर असलेले प्रकल्प या योजनेस अभिप्रेत आहेत. म्हणजे निव्वळ कल्पना चालत नाही. प्रयोगशाळेत ती सिद्ध झालेली असली पाहिजे.

या योजनेचा पैसा मुख्यतः दीर्घ मुदतीच्या व अल्प किंवा शून्य व्याजाच्या कर्जाच्या अथवा भागभांडवलाच्या रूपाने यावयाचा आहे. ब्रेशियाच्या मालकास अनुदान मिळाले तर अपयशाचा मोठा भार शासन उचलते. कर्ज घेणाऱ्याकडे तो भार राहतो. ज्याला अद्याप कोणता मार्ग धरावा हेच ठरविता आलेले नाही, अशा लहान कारखानदारासाठी अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमाची केंद्रे आहेत. त्यांपैकी एक पुण्यात, एक दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि दोन बंगळूरूला असून आधुनिक उत्पादनपद्धतींची प्रात्यक्षिके व प्रशिक्षण हे त्यांचे काम आहे. मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी यंत्र चालताना पाहण्याची सोय तेथे आहे.